गाडीतला आवाज

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती खाली उतरली, स्वतःच्याच गाडीचा डावा दरवाजा उघडून आत बसली, पट्टा लावला आणि वाट पाहू लागली. कुणाची वाट पाहतोय हे तिच्या ध्यानात यायला बराच वेळ गेला. समोरच्या काचेवर धूळ होती, वायपरच्या पात्यात एक वाळकं पान अडकलं होतं आणि उजवीकडची सीट रिकामी होती. आता कुणीतरी शिकाऊ पोरगी येईल, घामेजलेले तळवे कपड्यांना पुसत तिथे बसेल, आरसा उगाच हलवून बघेल आणि म्हणेल, "आज बाजारातून नको ना, ताई." मग आपण म्हणू, नको, आज बाजार नको, आज नुसतं सरळ जाऊ. आणि सरळ जाता जाता बाजार येईल, आणि तो पार झाल्यावरच त्या पोरीला कळेल की तो बाजार होता. हे वाक्य तिच्या घशात तयार होऊन बसलं होतं, ज्या आवाजात ते म्हणायचं त्या आवाजासकट. तेवढ्यात उजव्या खिडकीशी कुणीतरी वाकलं. तिचा नवरा होता. तिच्या चष्म्याची डबी घेऊन तीन जिने उतरून आला होता. "हा राहिला होता," तो म्हणाला, आणि मग दाराच्या मुठीवर हात ठेवून, जरा गमतीने, "मी बसू का इथे?" "तुम्ही कशाला? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. म्हणाली नाही, खेकसली. पलीकडे स्कूटर पुसणाऱ्या शेजाऱ्याने मान वर केली. नवऱ्याने डबी खिडकीतून आत सीटवर ठेवली, दोनदा मान हलवली, जणू काही बरोबरच आहे, आणि तो वर निघून गेला. ती तशीच बसून राहिली. त्या न आलेल्या पोरीसाठी तयार झालेला आवाज अजून घशातच होता, आणि हा दुसरा नुकताच तोंडातून बाहेर पडला होता. एक गाडीतला, एक घरातला. इतक्या वर्षांत ते दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते. त्यांची ही पहिलीच गाठ.

गाडीतला तो आवाज तिने कुठून आणला नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईने वळणावर स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता आणि समोरची भिंत मोठी मोठी होत आली होती. तिने आपल्या पायाखालचा जास्तीचा ब्रेक दाबला, आणि दाबता दाबता तिच्या तोंडून जे बाहेर आलं ते तिलाही अनोळखी होतं. "हं. थांबलो. छान थांबलो. आता डोळे उघडायचे." दूध गार होतंय का हे बोटाने बघावं इतक्या हलक्या हाताने ते शब्द आले होते. तिचा पाय अजून ब्रेकवर पूर्ण दाबलेला होता आणि वरचा आवाज मात्र सावलीत बसल्यासारखा शांत. त्या दिवसापासून तो आवाज रोज सकाळी गाडीत बसल्यावर यायचा आणि संध्याकाळी शेवटची शिकाऊ बाई उतरली की निघून जायचा. स्कूलमध्ये तिला सगळे 'मऊ' म्हणू लागले. तिच्याबरोबरच लागलेली दुसरी शिकवणारी होती, तिचं नाव 'भोंगा'. भोंग्याचं ओरडणं मैदानाच्या पलीकडच्या कडेला ऐकू जायचं, "अगं ब्रेक म्हणजे मधला, मधला, तुझ्या कपाळावरचा नव्हे!" मऊ आणि भोंगा दुपारी गाड्यांच्या सावलीत डबा खायच्या आणि हसून हसून त्यांच्या घशात घास अडकायचे. मग भोंग्याच्या नवऱ्याची बदली झाली, ती दूरच्या गावी गेली, वर्षातून दोनदा फोन, मग एकदा, मग मधली काही वर्षं तेही नाही. निवृत्तीच्या दिवशी मालकाने तिला खुर्चीत बसवून भाषण केलं, तिने किती बायांना रस्त्यावर आणलं त्याचा आकडा सांगितला आणि त्यावर लोक हसले. ती सगळ्यांकडे बघत होती आणि तिला एवढंच जाणवत होतं की उद्यापासून तो आवाज कुठे ठेवायचा हे कुणीच सांगत नाहीये.

संध्याकाळी नवऱ्याने विषय काढला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तिच्या आधीच निवृत्त झाला होता, आणि तेव्हापासून दिवसभर घरात इतक्या कमी जागेत राहायचा की कधी कधी तिला घरी आल्यावर त्याला शोधावं लागे. "जाऊ या का कुठेतरी?" तो म्हणाला. "गाडी तुझी, वेळ माझा." "कुठे जायचंय तुम्हाला?" "मला कुठे नाही. तू भोंग्याला शेवटची कधी भेटलीस?" तिने मनाशी हिशेब केला आणि तो सोडून दिला. वाटेत तिच्या दोन जुन्या विद्यार्थिनीही राहत होत्या. एक दातांची डॉक्टर, दर नव्या वर्षाला न चुकता निरोप पाठवणारी. दुसरी रंगांच्या दुकानात बसणारी, जिचा कधीच निरोप आला नव्हता पण जिला ती सगळ्यांत जास्त ओळखत होती. गाडी चालवताना माणसं खूप बोलतात. समोर रस्त्याकडे बघायचं असतं, शेजारच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि हात गुंतलेले असतात; मग आतलं आपोआप सुटतं. या रंगवालीने तिला तिसऱ्या गिअरमध्ये असताना सांगितलं होतं की ती गाडी शिकतेय ती नवऱ्याला सोडून जाता यावं म्हणून. हे तिच्या बहिणीलाही माहीत नव्हतं. शेवटच्या दिवशी तिने गाडी शहराबाहेर माहेरच्या रस्त्याला काढली, पुलापर्यंत नेली, थांबवली, उलटी वळवली आणि परत आणली. सबंध वेळात एक शब्द नाही. इतकी सुरेख वळवलेली गाडी तिने नंतर कधी पाहिली नाही. पुढे कळलं की ती खरंच गेली, आणि आता वडिलांच्या दुकानात बसते. हे सगळं त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदाच नवऱ्याला सांगितलं.

निघाले तेव्हा नवरा डावीकडे मांडीवर घडीचा नकाशा पसरून बसला होता. तिच्या जागेवर. आयुष्यभर ती ज्या सीटवर बसली तिथे त्याचे गुडघे होते, आणि ते तिला खुपत होते, का ते कळत नव्हतं. त्याला नकाशा नीट वाचता येत नव्हता, पण रस्त्यावरची प्रत्येक पाटी तो वाचायचा. "'विश्रांतीगृह'. ती दीर्घ काढलीय. ऱ्हस्व हवी." थोड्या वेळाने, "'पंक्चंर'. च ला टिंब कशाला?" "तुम्ही रस्ता बघा हो! मघाचं वळण गेलं की नाही?" "गेलं वाटतं." तिने गाडी मागे घेतली, आणि मागे घेताना मान वळवली तेव्हा मागच्या सीटवर तिला मुलं दिसल्यासारखी वाटली. दोघंही आता मोठी झालीत, दूर आहेत, पण त्या क्षणी ती तशीच होती, संध्याकाळी दार उघडल्यावर दिसायची तशी. ती दार उघडायची आणि घर चिडीचूप व्हायचं. जिन्यातून ऐकू येणारा रेडिओ तिची चावी फिरेपर्यंत बंद झालेला असायचा. थोरली पुस्तकात डोकं घालून, धाकटा तिच्या शेजारी तसाच, आणि त्याचे खांदे जरासे हलत असायचे. रडू दाबतोय, तिला वाटायचं. मला बघून. मग ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची, बाहेर यायची, आणि पायात येणारी पहिली चप्पल बघून तिचा तो दुसरा आवाज सुटायचा. दिवसभर गाडीत ज्याला जागा नव्हती तो. हे काय, हे इथे कुणी टाकलं, मला काय दहा हात आहेत का. नवरा उठून निमूटपणे चपला उचलायचा. त्या शांततेचा दगड तिने छातीत कुठेतरी ठेवून दिला होता, आणि तो इतका जुना झाला होता की त्याचं ओझं हेच आपलं वजन आहे असं तिला वाटू लागलं होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईने दवाखाना मधेच थांबवला. मास्क हनुवटीवर ओढून ती धावतच बाहेर आली, "ताई!" म्हणत गळ्यातच पडली, आणि मग ताईंच्या नवऱ्याला बघून म्हणाली, "काका, बसा ना." ताईंचे यजमान काका कसे झाले याचा विचार करत तो रुग्णांच्या बाकावर बसला. चहा आला, बिस्किटं आली. "काका, तुम्हाला सांगते," ती म्हणाली, "मी एकदा भर चौकात गाडी बंद पाडली. चारी बाजूंनी लोक शिव्या देतायत, पोलीस शिट्टी वाजवतोय, आणि मी ढसाढसा रडतेय. दुसरं कुणी असतं तर मला खाली उतरवून स्वतः गाडी काढली असती. ताई काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, 'रुमाल आहे का? आधी नाक पूस. मग क्लच.' बस्स. आजही एखादा माणूस खुर्चीत घाबरला ना, की मी तोच आवाज काढते. हुबेहूब. माझी नर्स म्हणते, मॅडम, तुमच्या आवाजाने अर्धी भूल चढते." ती हसली. "तुमची मजा आहे हो काका. तुम्हाला घरात रोज ऐकायला मिळतो." ताईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. भिंतीवर जबड्याचं एक मोठं चित्र होतं, त्यातल्या दाढा ती मोजू लागली. "हो तर," नवऱ्याचा आवाज आला. "मजाच आहे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तिला उलटून बोलता आलं असतं. तो बिस्किट चहात बुडवत होता आणि ते बुडून तुटायच्या आत बाहेर काढण्यात त्याचं सगळं लक्ष होतं.

पुढच्या रस्त्यावर त्याने एकही पाटी वाचली नाही. ती वाट बघत होती की हा आता काहीतरी म्हणेल; म्हणेल की मला नव्हतं माहीत तू अशी बोलतेस; आणि रस्ता सरत गेला तसतसं तिला आपल्या दोन्ही हातांचं स्टिअरिंगवर असणं फार जाणवू लागलं, जणू ती स्वतःच नवशिकी होती. एकदा थोरली लेक तिच्याकडे गाडी शिकली होती, कॉलेजच्या सुट्टीत. सगळ्या शिकणाऱ्यांसारखीच, रोज एक तास. शेवटच्या दिवशी गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली होती, "आई, सुट्टी संपूच नये असं वाटतंय." तिने विचारलं होतं, इतकी गाडी आवडली का. लेक म्हणाली होती, "गाडी नाही गं," आणि दार लावून घेऊन पुढे चालू लागली होती. त्या वेळी तिने ते ऐकलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. आज, इतक्या वर्षांनी, एका भलत्याच गावाच्या बाहेर, ते वाक्य तिच्या मांडीवर येऊन बसलं.

रंगांचं दुकान बसस्थानकासमोर होतं आणि बाहेर रिकामे डबे एकावर एक रचले होते. गल्ल्यावर ती बसली होती. केस पांढरे, पण मान तशीच, ताठ, आरशात बघावं तशी जराशी उजवीकडे. हिला हजारांत ओळखलं असतं. "काय दाखवू?" ती म्हणाली. "मी... तुम्हाला गाडी शिकवली होती. शहरात." बाईने चष्म्यावरून बघितलं. "गाडी? मला?" ती सौजन्याने हसली. "तुम्ही विम्याच्या का? मागे एक आल्या होत्या." "नाही, नाही. ड्रायव्हिंग स्कूल. पांढरी गाडी होती. आपण पुलापर्यंत..." "बरेच दिवस झाले असतील," बाई म्हणाली. "गाडी येते मला. कुणी शिकवली ते आता... सामान आणायला जाते मी. आतून रंगवायचंय का बाहेरून?" ती एक लहान ब्रश विकत घेऊन बाहेर आली. कशाला घेतला ते तिलाच माहीत नव्हतं. दुकानाच्या दारात थांबलेला नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, "तिला आठवत असेल." "तोंडावर नाही म्हणाली ती." "म्हणूनच. ज्या माणसाला एवढं सगळं सांगून बसलो त्याला पुन्हा ओळखायचं म्हणजे..." "तुम्हाला छापलेल्यातलं कळतं," ती म्हणाली, "माणसांतलं नका सांगू." तिने इंजिन सुरू केलं आणि लगेच बंद केलं. माफ करा, असं म्हणायचं होतं. गाडीत ती दिवसातून पन्नास वेळा म्हणायची, माफ कर हं, मी उशिरा सांगितलं, माझी चूक. आता तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. तिने पुन्हा किल्ली फिरवली. नवऱ्याने ब्रशचे केस अंगठ्याने उलटसुलट केले आणि म्हणाला, "चांगला आहे ब्रश."

भोंग्याचं घर एका उतरत्या गल्लीच्या टोकाला होतं. पुढे लहानसा ओटा, त्यावर वेताची खुर्ची. भोंगा दारातच उभी होती, पूर्वीपेक्षा दुप्पट रुंद, आणि मिठी मारताना तिने हिला जमिनीवरून जवळजवळ उचललंच. "मेले नाही अजून!" ती ओरडली. "पण कान गेले! दोन्ही! तू बोलायचं तर जोरात बोल, तुझं ते कुजबुजणं मला तेव्हाही कळायचं नाही!" कानात घालायचं यंत्र तिने साखरेच्या रिकाम्या बरणीत ठेवलं होतं. "त्यात नुसता वारा ऐकू येतो. त्यापेक्षा बहिरी बरी." नवरा ओट्यावर शब्दकोडं घेऊन बसला आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. भोंगा एकटीच राहत होती, नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याचा फोटो नव्हता, त्याची एक टोपी मात्र खिळ्याला होती, अजून घालायची असल्यासारखी. "तो मला काय म्हणायचा सांगू? म्हणायचा, घरात मांजर आहे की बायको तेच कळत नाही. मी घरी कधी आवाज चढवला नाही, खरंच सांगते. सगळं त्या पोरींवर ओरडून यायचे, आणि घरी यायचे ती रिकामी होऊन, शहाण्यासारखी." ती कांदा चिरता चिरता थांबली. "तुझं काय? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"काय?"

"बरी आहे!"

"मग तोंड असं का झालंय?"

तिने दाराकडे बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावर उघडत होती, आणि तिच्या गजांमधून नवऱ्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. हे कानात सांगण्यासारखं होतं. इतकी वर्षं ती बायांकडून अशाच गोष्टी हलक्या आवाजात ऐकत आली होती, आणि आता सांगायची पाळी आली तर समोर एक बहिरी बाई. "मला घरी बोलता येत नाही," ती म्हणाली. "कुठे?" "घरी! घरी नीट बोलता येत नाही!" "कुणाशी?" "ह्यांच्याशी!" भोंग्याने सुरी खाली ठेवली. "का? भांडलात?" "नाही! भांडले असते तर बरं!" एकदा आवाज चढला तसा तो खाली येईना. "माझ्याकडे जेवढा चांगुलपणा होता तेवढा मी गाडीत संपवला! परक्यांवर! घरी उरलंसुरलं नेलं! पोरं मला घाबरायची! मी आले की घर चिडीचूप व्हायचं! आता दिवसभर हे आणि मी, आणि मला... मला भीती वाटते!" "कसली?" भोंग्याने कानामागे हात धरला. "कसली भीती?" ती थांबली. बाहेर पेन खरखरायचं थांबलं होतं. आता मागे फिरायला जागा नव्हती. "की ह्यांना मी आवडतच नसेन!" ती ओरडली. गल्लीत एक कुत्रं भुंकलं. भोंग्याने सुरी उचलली आणि पुन्हा कांद्याकडे वळली. "हे त्यांनाच विचार की," ती म्हणाली. "मला कशाला बोंबलून सांगतेस?"

जेवताना नवरा नेहमीसारखाच होता. त्याने भोंग्याच्या स्वयंपाकाची तारीफ केली, ती ओरडून केली, आणि जेवणानंतर ताटं पुसून दिली. जणू शब्दकोड्यापलीकडे त्याच्या कानावर काही पडलंच नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, खरंच नसेल पडलं. मग ती त्या आशेला भ्यायली, कारण ते ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगावं लागेल, आणि तेवढा आवाज आता तिच्यात नव्हता. सकाळी भोंगा फाटकात उभी राहून ओरडली, "दुसरा गिअर नीट टाक! तू कायम घाईत टाकायचीस!" आणि मग अचानक तोंड फिरवून घरात गेली, कारण निरोप घेणं तिला पूर्वीपासूनच जमायचं नाही.

गावाबाहेर रस्ता एका लांबलचक तलावाच्या काठाने जात होता. पुढे एक ट्रक होता, कुणाचा तरी संसार घेऊन निघालेला. उलटा टाकलेला पलंग, गुंडाळलेल्या गाद्या, सगळ्यांत मागे दोरीने बांधलेलं कपाट आणि कपाटाच्या दाराला आरसा. त्या आरशात त्यांची गाडी दिसत होती आणि काचेमागे दोन चेहरे, खड्ड्याबरोबर हलणारे. नवरा त्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाला, "काल तू ओरडत होतीस ते."

"ऐकू आलं?"

"तलावापलीकडे आलं असेल." त्याने घसा साफ केला. "त्यात एक दुरुस्ती आहे."

 समोरच्या आरशातली बाई तिच्याकडे एकटक बघत होती.

"पोरं घाबरायची नाहीत," तो म्हणाला. "गप्प बसायचं ते मी सांगून ठेवलं होतं. तू जिना चढायला लागलीस की पावलं ऐकू यायची. पहिल्या मजल्याच्या वळणावर तू थांबायचीस, भिंतीला हात लावून. रोज. मग मी म्हणायचो, चला, रेडिओ बंद. आई गाडीतून उतरलीय, अजून घरी पोचलेली नाहीये. पोचू द्या तिला."

"भिंतीला हात..." ती म्हणाली. ती थांबायची हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही अशी तिची समजूत होती.

"पोरांना तो खेळ वाटायचा. जो आधी बोलेल तो हरला. थोरली कायम जिंकायची. धाकट्याला हसू आवरायचं नाही, पुस्तक तोंडावर धरून बसायचा. खांदे हलायचे नुसते. मला वाटायचं, आता फुटतोय."

तिने गिअर खाली घेतला, उगाचच. "हसायचा तो?"

"मग काय करायचा?"

"आणि हे मला तुम्ही आत्ता सांगताय?" ती ओरडली. पूर्ण घरचा आवाज, अख्खा, त्या लहानशा गाडीत. "एवढी वर्षं! एवढी वर्षं मला वाटत होतं की... तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"मला काय ठाऊक तुला काय वाटतंय? तू विचारलं नाहीस." तो जरा मागे सरकून बसला. "चपलांवरून ओरडायचीस ते होतंच म्हणा. त्याला दुरुस्ती नाही."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि आरशातली गाडी विरघळल्यासारखी झाली. तिने पापण्या मिटून उघडल्या. "ती दातांची डॉक्टर म्हणाली तो आवाज," ती म्हणाली, "तुमच्याशी मी कधीच..."

"तो नको बाई मला," तो पटकन म्हणाला. "तिथे बसून तिने करून दाखवला ना, माझे हातपाय गार पडले. तू माझ्याशी तसं बोललीस तर मला वाटेल समोर खांब आहे."

तलावावर एक रिकामी होडी होती. ती होडी मागे पडली. मग तिने विचारलं, आणि विचारताना समोरच बघत राहिली, "आणि ते शेवटचं ओरडले ते?"

"ते तर सगळंच खोडायचं," नवरा म्हणाला. "ओळच्या ओळ." त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "एकदा काय झालं, तू वळणावर थांबलीस ती थांबलीसच. नेहमीपेक्षा जास्त. पोरं वाट बघून बघून कंटाळली. थोरली म्हणाली, मी जाऊन बघते. मी म्हटलं, नाही, कुणी जायचं नाही. आणि मग मीच गेलो, अनवाणी, आवाज नको म्हणून. वरच्या पायरीवरून वाकून बघितलं तर तू..."

तो बोलत होता. लग्नानंतर त्याला इतकं सलग बोलताना तिने ऐकलं नव्हतं. पुढचा रस्ता आता सरळ आणि मोकळा झाला होता, समोरून एकही गाडी येत नव्हती. मागच्या मोटारवाल्याने हॉर्न वाजवला तसा नवरा बोलता बोलता थांबला; मोटारवाल्याने आणखी जोरात वाजवला, मग वैतागून तो बाजूने पुढे निघून गेला. त्याच्यामागून आणखी एक गेला. ती ट्रकच्या मागेच राहिली, दुसऱ्या गिअरमध्ये, नवऱ्याचं बोलणं इंजिनाच्या आवाजात बुडू नये एवढ्या बेताने पाय ठेवून.

"तर मी काय?" ती म्हणाली. "पुढे सांगा ना."